शब्दाचं मूळ शोधताना आधी तारीख विचारा

जुन्या इंग्रजी पुस्तकांचं मराठी करणं हे माझं रोजचं काम. त्यात अनोळखी शब्द फारसा घात करत नाहीत, कारण शब्द माहीत नसला की हात आपोआप कोशाकडे जातो. घात करतात ते ओळखीचे शब्द. 'हॅम्लेट'च्या पहिल्या अंकात बापाच्या भुतामागे निघालेल्या हॅम्लेटला सोबती धरून ठेवतात, तेव्हा तो म्हणतो, जो मला 'लेट' करील त्याचंच मी भूत करीन. 'लेट' म्हणजे 'करू देणे' एवढंच डोक्यात ठेवून वाचलं तर वाक्याचा पार विचका होतो. जाऊ देणाऱ्यालाच ठार मारणार? इथला 'लेट' म्हणजे अडवणे. जुन्या इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदं होती: 'लॅटान' म्हणजे सोडणे, राहू देणे, आणि 'लेत्तान' म्हणजे अडवणे, खोळंबा करणे. झिजत झिजत दोन्हींचं 'लेट' झालं. पहिलं टिकलं. दुसरं रोजच्या बोलण्यातून गेलं, पण ब्रिटिश पासपोर्टावर 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स' या शब्दांत अजून छापलं जातं.

तेव्हा पहिला नियम: वाक्य खटकलं की सर्वांत सोप्या शब्दावर संशय घ्या. आणि संशय आला की 'याचा अर्थ काय' असं विचारू नका, 'अमुक साली याचा अर्थ काय होता' असं विचारा. पुढचं सगळं या एका प्रश्नावर चालतं.

त्यासाठी पुस्तक कोणत्या काळातलं आहे ते आधी पक्कं करावं लागतं. शेक्सपिअरच्या भाषेला पुष्कळ जण 'ओल्ड इंग्लिश' म्हणतात. 'दाउ' (तू), 'हॅथ' ('हॅज'चं जुनं रूप) दिसलं की झालं! भाषेचे अभ्यासक ओल्ड इंग्लिश म्हणतात ते साधारण इ.स. ४५० ते ११५० या काळातल्या भाषेला. 'बेओवुल्फ' हे काव्य त्या भाषेतलं. आजच्या इंग्रज माणसालाही ती परक्या भाषेसारखी शिकावी लागते. पुढे १५००पर्यंतची ती मिडल इंग्लिश, म्हणजे कवी चॉसरची. शेक्सपिअर त्याच्याही नंतरचा, अर्वाचीन इंग्रजीच्या सुरुवातीचा. ही काटेकोर विभागणी उगाच पंडिती मिरवायला नाही. प्रत्येक काळाचा कोश वेगळा आहे, आणि चुकीच्या कोशात शोधलं की शब्द सापडत नाही किंवा, त्याहून वाईट, भलताच सापडतो.

कोश कोणते? सगळ्यांत मोठा आधार म्हणजे ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत, म्हणजे भाषाभ्यासकांच्या मंडळात, १८५७ साली या कामाचा विषय निघाला, १८७९मध्ये जेम्स मरे संपादक झाले, पहिला भाग १८८४मध्ये छापला गेला आणि शेवटचा १९२८मध्ये. तोवर मरे जाऊन तेरा वर्षं झाली होती. शेकडो वाचकांनी जुनी पुस्तकं वाचून, त्यांतली वाक्यं चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवली, आणि त्या चिठ्ठ्यांवर हा कोश उभा राहिला. म्हणून त्यात प्रत्येक अर्थाखाली तारखेनिशी उताऱ्यांची रांग असते, सर्वांत जुना वर. त्याला वर्गणी लागते, पण अनेक ग्रंथालयांच्या सभासदांना तो ग्रंथालयामार्फत उघडता येतो. इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्यांपैकी ओल्ड इंग्लिशसाठी बॉसवर्थ आणि टॉलर यांचा अँग्लो-सॅक्सन कोश, आणि मिडल इंग्लिशसाठी मिशिगन विद्यापीठाचा कोश हे दोन उघडून ठेवा. झटपट अंदाजासाठी डग्लस हार्पर यांचा ऑनलाइन व्युत्पत्तिकोश चांगला. अठराव्या शतकातलं पुस्तक हातात असेल तर सॅम्युएल जॉन्सनचा १७५५चा कोश पाहायला विसरू नका. व्युत्पत्तीसाठी त्याच्यावर भिस्त ठेवू नये, पण शब्दाचा तेव्हा काय अर्थ घेतला जात होता याची ती समकालीन साक्ष आहे.

आता शोधायची युक्ती. आजचं स्पेलिंग जसंच्या तसं टाकून ओल्ड इंग्लिशच्या कोशात काही हाती लागत नाही. १०६६मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर पुढच्या काळात फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी लिहिण्याची पद्धत बदलली. त्यामुळे उलट्या दिशेने जायचं. आज 'क्यूयू' दिसलं तर 'सीडब्ल्यू' टाका: 'क्वीन'चं जुनं रूप तसं सापडेल. 'डब्ल्यूएच' असेल तर अक्षरं उलटी करून 'एचडब्ल्यू'. 'एसएच'च्या जागी 'एससी', म्हणजे 'शिप', 'फिश' मिळतात. 'नाइट'मधल्या मुक्या 'जीएच'च्या जागी नुसता 'एच'. शब्दाच्या सुरुवातीला 'जीई' हा उपसर्ग दिसला तर तो ठेवून आणि सोडून, दोन्ही तऱ्हांनी पाहा. एवढ्यावर बरीच दारं उघडतात.

नोंद सापडली की लोक थेट अर्थावर उडी मारतात. थांबा, व्युत्पत्तीच्या ओळीतल्या खुणा आधी वाचा. शब्दापुढे तारा (*) असेल तर ते रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, अभ्यासकांनी तर्काने बांधलेलं आहे. अर्थापुढे कट्यारीची खूण (†) असेल तर तो अर्थ वापरातून गेला. आणि 'सीएफ' म्हणजे 'तुलना करा'. 'यापासून आला' असं नव्हे. या दोन अक्षरांचा चुकीचा अर्थ लावून किती खोट्या व्युत्पत्त्या फिरत असतील, देव जाणे.

एक शब्द नीट उलगडून पाहू: 'सिली'. ओल्ड इंग्लिशमध्ये 'गेसॅलिग' म्हणजे सुखी, भाग्यवान. जर्मनमधला 'झेलिश', म्हणजे धन्य, हा त्याचा सख्खा भाऊ. सुखी म्हणजे देवाची कृपा असलेला, म्हणून पुण्यवान; पुण्यवान म्हणून निष्पाप; १२००च्या आसपास हा अर्थ दिसतो. निष्पाप माणूस कोणाचं वाईट करत नाही, त्याला मात्र कोणीही लुबाडतं, म्हणून तेरावं शतक संपता संपता 'सिली' म्हणजे बिचारा, कीव करावी असा. मग दुबळा. आणि १५७०च्या दशकात दुबळेपणा अंगातून डोक्यात शिरला: मूर्ख. प्रत्येक पाऊल लहान आहे, पण पहिलं आणि शेवटचं शेजारी ठेवलं तर विश्वास बसत नाही. आता शेक्सपिअरच्या 'टू जंटलमेन ऑफ व्हेरोना'मध्ये दरोडेखोरांना अट घातली जाते की 'सिली' बायकांना आणि गरीब वाटसरूंना हात लावायचा नाही. नाटक १५९०च्या आसपासचं, म्हणजे 'मूर्ख' हा अर्थ तेव्हा होता. पण 'दुबळा, निराधार' हाही अजून जिवंत होता, आणि इथे तोच बसतो. मी इथे 'अबला' लिहीन. 'मूर्ख बायका' लिहिणाऱ्याने कोशातली फक्त शेवटची ओळ वाचली असं समजावं. जुना आणि नवा अर्थ बराच काळ एकत्र नांदतात, म्हणून निकाल तारखेने नव्वद टक्के लागला तरी उरलेलं काम संदर्भाचं.

उतारे हाताशी नसतील तर जोडशब्द तपासा. सुटा शब्द बदलतो, जोडशब्दात अडकलेला बहुधा जुन्या अर्थानेच राहतो. 'क्विक' म्हणजे आज जलद, पण मुळात जिवंत. म्हणून पाऱ्याला 'क्विकसिल्व्हर', जिवंत चांदी. म्हणून ख्रिस्ती प्रार्थनेत 'द क्विक अँड द डेड', आणि म्हणूनच नखाखालच्या हुळहुळ्या मांसालाही 'क्विक' म्हणतात. 'वाइफ' म्हणजे कोणतीही बाई: 'फिशवाइफ' ही मासेवाली, कोणाची बायको असो वा नसो. 'मिडवाइफ'मधला 'मिड' म्हणजे 'सोबत', जर्मनमधल्या 'मिट'सारखा. बाईच्या सोबत राहणारी ती सुईण. 'वेर' म्हणजे पुरुष हा शब्द तर नाहीसाच झाला, पण 'वेअरवुल्फ'मध्ये दात विचकून बसलाय, आणि 'वर्ल्ड'मध्ये इतका विरघळलाय की ओळखू येत नाही: 'वेर' अधिक 'वय, काळ', म्हणजे माणसाचा काळ. 'मीट' म्हणजे कोणतंही अन्न. १६११च्या बायबलात उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात देव माणसाला बीजधारी वनस्पती आणि फळं देतो आणि म्हणतो, हे तुम्हांला 'मीट' होईल. तिथे मांस लिहिलं तर देवालाच खोटं पाडल्यासारखं होईल. 'स्वीटमीट' म्हणजे मिठाई, हे आठवलं की पुढचं सोपं.

स्पेलिंगवर मात्र फार विसंबू नये. 'डेट' म्हणजे कर्ज. त्यातला मुका 'बी' चॉसरच्या काळी नव्हता. पुढे लॅटिन 'डेबितुम'ची आठवण म्हणून विद्वानांनी तो घुसवला, उच्चारला कोणी नाही. 'आयलंड'मधला 'एस' त्याहून मजेशीर. तो शब्द अस्सल इंग्रजी, लॅटिनशी संबंध नसलेला. फ्रेंचमधून आलेल्या 'आइल'शी गल्लत होऊन त्याला 'एस' चिकटला. आणि दुकानांच्या पाट्यांवर 'यी ओल्ड' लिहितात ते तर कोणी कधी बोललंच नव्हतं. 'थॉर्न' नावाचं एक अक्षर होतं, 'द'च्या उच्चाराचं; हाताच्या लिखाणात ते 'वाय'सारखं दिसू लागलं, छापखान्यातल्या खिळ्यांत ते नव्हतं, म्हणून 'वाय' लावला. वाचायचं मात्र 'द'च.

शब्द सापडतच नसेल तर पुढे 'एन' लावून किंवा काढून पाहा. 'अ नेप्रन' ऐकता ऐकता 'अन एप्रन' झालं; 'नॅपकिन'मध्ये तो 'न' अजून आहे. 'अ नॅडर' हा साप असाच 'अ‍ॅडर' झाला. उलटही होतं: इंग्रजीतला जुना शब्द 'एक' म्हणजे जादा, 'अन एकनेम' म्हणजे जादा नाव, त्याचं झालं 'निकनेम'.

संस्कृतविषयी जरा सविस्तर बोलायला हवं, कारण मराठी वाचक तिथे हमखास घसरतो. 'पितृ' आणि 'फादर' सारखे दिसले की 'इंग्रजी संस्कृतातून निघाली' अशी आरोळी होते. संस्कृतचा इंग्रज अभ्यासक विल्यम जोन्स याने १७८६ साली कलकत्त्यातल्या भाषणात मांडलं ते निराळंच: संस्कृत, ग्रीक, लॅटिन या बहुधा आता नसलेल्या एखाद्या समान मूळ भाषेपासून आलेल्या. नातं आईलेकीचं नाही, चुलत बहिणींचं. ते कसं तपासायचं याचा नियम जर्मन भाषाभ्यासक याकोब ग्रिमने १८२२मध्ये मांडला. संस्कृतात 'प' तिथे अस्सल इंग्रजीत 'फ': पितृ-फादर, पाद-फूट. 'त'चा 'थ': त्रि-थ्री. 'द'चा 'ट': दश-टेन, दंत-टूथ. मग 'पेडल'मध्ये 'प' आणि 'ड' कसे राहिले? कारण तो लॅटिन घराण्यातून नंतर उसना घेतलेला शब्द आहे. ही कसोटी हातात असली की जास्त सारखे दिसणारे शब्दच जास्त संशयास्पद ठरतात. 'पथ' आणि 'पाथ' पाहा: हुबेहूब! पण नियमाप्रमाणे इंग्रजीत 'फ' हवा होता. 'पाथ' कुठून आला यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. उलट 'क्विक' आणि 'जीव' दिसायला परके, आणि खरे नातलग. 'वेर' आणि 'वीर'ही तसेच.

सुरस कथांचा निकाल थोडक्यात. चार दिशांची आद्याक्षरं घेऊन 'न्यूज', तत्पर सेवेच्या वाक्याची आद्याक्षरं घेऊन 'टिप', बोटीतल्या सावलीच्या खोल्यांवरून 'पॉश', असलं काही कानावर आलं की सोडून द्या. आद्याक्षरांचे शब्द विसाव्या शतकापूर्वी जवळजवळ बनतच नव्हते. 'न्यूज' हे 'न्यू'चं अनेकवचन आहे, 'टिप' सतराव्या शतकात चोरांच्या बोलीत 'हातावर ठेवणे' अशा अर्थाने होता, आणि 'पॉश'चं मूळ ठरलेलं नाही.

ठरलेलं नाही, असंही उत्तर असतं, आणि ते चिठ्ठीवर तसंच लिहायचं. माझ्या चिठ्ठीवर चारच गोष्टी असतात: शब्द, पुस्तकाचं साल, त्या सालाजवळचा उतारा, आणि मी निवडलेला मराठी शब्द. मुळाची ओळ जागा उरली तर. 'डॉग'च्या चिठ्ठीवर ती कोरीच आहे. ओल्ड इंग्लिशच्या अखेरीस हा शब्द क्वचित कुठे दिसतो. तोवर कुत्रा म्हणजे 'हुंड', आजचा 'हाउंड', आणि त्याचे नातलग संस्कृत 'श्वन्'पर्यंत सापडतात. सोळाव्या शतकापर्यंत 'डॉग'ने 'हाउंड'ला हुसकून फक्त शिकारी कुत्र्यापुरतं ठेवलं. जर्मन आणि फ्रेंचमध्ये 'डॉग'सारखे शब्द आहेत, पण ते इंग्रजीकडूनच तिकडे गेलेले.