जुनी फियाट किंवा पद्मिनी खोलताय? आधी ओरिजिनल काय उरलंय ते शोधा

जुनी फियाट हातात आली की घाई होते ती तिला गॅरेजला लावायची, आणि मग डेंटर पहिल्याच दिवशी सीट बाहेर काढून, दरवाजे उतरवून, पत्र्याला ग्राइंडर लावून मोकळा होतो. तेवढं होऊ देऊ नका. गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा कशी दिसत होती याचा पुरावा गाडीतच असतो, जुन्या रंगाखाली, सीट कव्हरच्या आत, डिकीच्या पत्र्याच्या मागच्या बाजूला. तो एकदा घासून गेला की मग अंदाजच करत बसायचं. म्हणून कामाचा पहिला टप्पा फक्त बघायचा आणि फोटो काढायचा ठेवा, पाना नंतर हातात घ्या.

आधी आपली गाडी नक्की कोणती ते ठरवा. पुढचे दरवाजे उलटे उघडत असतील तर ती जुनी डुक्कर फियाट, म्हणजे डिलाईटच्या आधीचं मॉडेल. ११०० डिलाईट १९६४ ची, त्यानंतर सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला थोडाच काळ हीच गाडी प्रीमियर प्रेसिडेंट नावाने विकली गेली आणि १९७४ पासून पद्मिनी झाली. बॉडी बरीचशी तीच, १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन तेच, हँडगिअर (स्टिअरिंगजवळचा गिअर) तोच, त्यामुळे गेल्या पन्नास वर्षांत कोणी पद्मिनीवर फियाटचा बॅज लावलाय, कोणी डिलाईटला पद्मिनीची ग्रिल बसवलीय, आणि प्रेसिडेंटची तर ओळखच पुसली गेलीय, कारण ते नाव फार लोकांना माहीतच नाहीये.

इथे एक सोपी गोष्ट करा. डिकी उघडा, आतून झाकणाच्या पत्र्यावर टॉर्च तिरका मारा आणि बॅजची भोकं शोधा. बाहेरून पुट्टी भरून, रंग मारून ती बुजवलेली असतात पण आतल्या बाजूला कोणी एवढी मेहनत घेत नाही, पुट्टीचे छोटे गोळे भोकातून आत आलेले तसेच दिसतात, बोटाला लागतात. त्या भोकांमधलं अंतर कागदावर छापून घ्या, आणि जुना बॅज मिळाला की त्याच्या मागच्या पिना त्यावर ठेवून बघा. जुळल्या तर तुमच्या गाडीचं मूळ नाव तुम्हाला पत्र्यानेच सांगितलं. मडगार्डवरच्या पट्ट्यांच्या क्लिपांची भोकं पण अशीच शोधायची. आणि पुट्टी कुठे कुठे आहे ते कळायला फडक्यात गुंडाळलेलं साधं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवा, जिथे पकड सुटते तिथे खाली पुट्टी आहे, म्हणजे तिथे कधीतरी गाडी ठोकलीय किंवा पत्रा सडलाय.

आता रंग. मूळ रंग शोधायचा तर बोनेटच्या मध्यभागी शोधू नका, उन्हाने तो कधीच उडालेला असतो आणि वर चार रंग चढलेले असतात. जिथे ऊन आणि पेंटरची गन दोन्ही पोचत नाहीत तिथे बघा: ग्लोव्ह बॉक्सच्या आत, मागच्या सीटखाली, डॅशबोर्डच्या मागे, डिकीतल्या मॅटखाली, दरवाजाचं रबर काढल्यावर त्या खोबणीत. बाहेरच्या पत्र्यावर खात्री करायची असेल तर एखाद्या कोपऱ्यात रुपयाएवढी जागा घ्या, ८०० नंबरचा वॉटर पेपर भरपूर पाण्यात भिजवून गोल गोल हलक्या हाताने घासा, मग १५०० आणि २००० ने कडा गुळगुळीत करा. झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे थर एकाभोवती एक दिसायला लागतात, सगळ्यात बाहेर आत्ताचा रंग आणि मध्ये प्रायमर, त्याच्या लगेच वरचा जो थर तो मूळ रंग. मध्येच अजून एखादं प्रायमरचं कडं दिसलं तर समजा तिथून बाहेरच्या बाजूचं सगळं रिपेंट आहे. ही खूण एकाच जागी बघून थांबू नका, दोन्ही बाजूचे दरवाजे आणि डिकी वेगवेगळी तपासा, कारण एखादा दरवाजा दुसऱ्याच गाडीचा निघतो आणि तो आपल्याला भलताच रंग सांगतो. थिनर मात्र लावू नका, खाली जुना ड्युको (जुन्या पद्धतीचा लॅकर रंग) असेल तर वरच्यासोबत तो पण विरघळून फडक्यावर येतो. एक अगदी मनापासून सांगतो, पूर्ण गाडी रंगवलीत तरी मूळ रंगाची एक जागा तशीच राखा, ग्लोव्ह बॉक्सच्या आतली चालेल. पेंटच्या दुकानात शेड मॅच करायला तीच कामी येते, आणि तुमच्यानंतर जो ही गाडी घेईल त्यालाही.

वॉटर पेपर पाण्यातच वापरा हे मी उगाच म्हणत नाहीये, जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि कोरडं घासलं की ती धूळ थेट छातीत जाते. तसंच जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचा, ड्रम उघडल्यावर आतली भुकटी एअर प्रेशरने उडवायची सवय गॅरेजमध्ये सगळ्यांना असते, ती करू देऊ नका, ओल्या फडक्याने पुसा, मास्क लावा.

सीटकडे या. वरचं कव्हर फाडायचं नाही, उसवायचं. एकाखाली एक दोन-तीन कव्हरं निघतात आणि तळाशी कंपनीच्या रेक्झिनचा तुकडा शाबूत सापडतो, विशेषतः सीटच्या खालच्या कडेला जिथे ते फ्रेममध्ये अडकवलेलं असतं. शिवणीच्या रेघांमधलं अंतर, बीडिंगचा रंग, रेक्झिनवरचा दाणा, हे सगळं फूटपट्टी शेजारी ठेवून फोटोत घ्या. पुढे अखंड बाकासारखी सीट असेल तर फारच छान. बकेट सीट आणि फ्लोअर गिअर दिसला तर लगेच बदललंय असं समजू नका, शेवटच्या काळातल्या पद्मिनीत ते कंपनीचंच आहे, आधी वर्ष बघा. पण साठ-सत्तरच्या दशकातल्या गाडीत ते दिसलं तर नक्की नंतर बसवलंय.

काचा पटकन होतात, प्रत्येक काचेच्या कोपऱ्यातला शिक्का वाचा, एकीचाच वेगळा असेल तर ती बदललेली.

इंजिन नंबर आणि चेसिस नंबर सगळ्यात जपायचे. त्यावर ग्राइंडर नको, जाड रंग नको. डिझेलने मळ भिजवून नायलॉन ब्रशने साफ करा, कागद ठेवून पेन्सिलीने प्रिंट काढा आणि आरसी बुकशी ताडून बघा. मायलेजसाठी कित्येक फियाटमध्ये नंतर डिझेल इंजिनं टाकली गेली, तेव्हा बोनेटखाली १०८९ चंच इंजिन आणि नंबरही जुळतोय हे भाग्यच. याचा सरकारी उपयोगही आहे. २०२१ मध्ये आलेल्या केंद्राच्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली खाजगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात राज्याच्या कोडनंतर व्हीए येतं, नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये आणि ती १० वर्षं चालते. अट अशी की चेसिस, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठे बदल केलेले नसावेत. रोज ऑफिसला मात्र ती नेता येत नाही, हे अर्ज करण्याआधी नीट लक्षात घ्या.

आणि काढलेली कुठलीच वस्तू लगेच भंगारात घालू नका. क्रोमचं हँडल खड्डे पडलेलं असलं तरी त्याचा आकार ओरिजिनल आहे, नवीन डुप्लिकेटपेक्षा ते पुन्हा प्लेटिंग करून घेतलेलं कधीही बरं, फक्त प्लेटिंगवाल्याला स्पष्ट सांगा की अक्षरं आणि कडा बफने घासू नकोस, आधी तांबं चढव. जे खरंच गेलंय ते शोधायला कुर्ला, ऑपेरा हाऊस, चोर बाजार किंवा पुण्यातला जुना बाजार फिरताना फोनमधला फोटो दाखवत बसू नका, तुटका पार्टच खिशात ठेवा. भोकं, आटे आणि जाडी त्यावरच जुळवून बघता येते, आणि जुना दुकानदार तो तुकडा हातात घेतला की कुठल्या सालचा ते बऱ्याचदा तिथेच सांगून टाकतो.