सीपीयूइन्फोमध्ये एक ओळ वाढवायची होती

लिनक्सच्या कर्नलमधला माझा पहिला पॅच (कोडमधला बदल) एका ओळीचा असणार होता. कोड दहा-बारा ओळींचा, पण त्यानं /प्रॉक/सीपीयूइन्फो या, प्रोसेसरची माहिती दाखवणाऱ्या फाइलमध्ये एकच ओळ वाढणार होती: 'मॉडेल नेम'. तो मी कधीच पाठवला नाही. कर्नलच्या कामात नव्यानं उतरणाऱ्यांचे दोन-तीन आठवडे वाचावेत म्हणून त्याची हकीकत लिहितेय.

पुण्यात आमच्या टीमचा एक इन्स्टॉलर होता. लॅपटॉपवर वर्षभर बिनतक्रार चालला. त्यात ग्रेपची (मजकुरात शब्द शोधणाऱ्या कमांडची) एक ओळ माझी होती: सीपीयूइन्फोमधून प्रोसेसरचं नाव काढायचं आणि नावावरून ठरवायचं, एईएस एन्क्रिप्शन हार्डवेअरकडून करून घ्यायचं की सॉफ्टवेअरमध्ये. मग तो एका ६४-बिट आर्म बोर्डावर चालवला आणि ग्रेपच्या हाती काहीच लागलं नाही. फाइल उघडली तर 'मॉडेल नेम' नाहीच. 'सीपीयू इम्प्लिमेंटर'पुढे हेक्समधले ४१ आणि 'सीपीयू पार्ट'पुढे डी०८, एवढंच. ४१ म्हणजे आर्म कंपनी, डी०८ म्हणजे कॉर्टेक्स-ए७२. हा उलगडा एलएससीपीयू ही कमांड स्वतःजवळच्या तक्त्यातून करते, कर्नल करत नाही. गंमत म्हणजे ३२-बिट आर्मवर 'मॉडेल नेम' असतं. फाइलीचं नाव सगळीकडे तेच, आतला मजकूर मात्र ज्या त्या आर्किटेक्चरच्या, म्हणजे प्रोसेसरच्या घराण्याच्या, मर्जीचा.

मला वाटलं, राहून गेलंय बिचाऱ्यांचं, आपण भर घालू. पॅच लिहिला आणि आमच्या लीडला दाखवला.

"नाव कशाला हवंय तुला?"

"एईएस आहे का ते कळायला."

"मग एईएस आहे का, एवढंच विचार ना."

आणि त्यानं ड्रॉवरमधून एक रास्पबेरी पाय ४ काढून माझ्यापुढे ठेवला. त्यातही कॉर्टेक्स-ए७२च. पण 'फीचर्स'च्या ओळीत एफपी, एएसआयएमडी, सीआरसी३२ दिसतात, एईएस नाही. क्रिप्टोचा भाग चिप बनवणाऱ्यानं घ्यायचा की नाही हे त्याच्यावर असतं, आणि त्या चिपमध्ये तो घेतलेला नाही. म्हणजे माझी ओळ कर्नलमध्ये गेली असती, तरी इन्स्टॉलर चुकलाच असता. फक्त मग तो ठणकावून चुकला असता.

प्रोग्रॅमला 'ही सूचना (प्रोसेसरची इन्स्ट्रक्शन) चालेल का' एवढंच विचारायचं असेल, तर फाइल वाचायची गरजच नसते. प्रोग्रॅम सुरू होताना कर्नल त्याच्या स्टॅकवर ऑक्झिलरी व्हेक्टर नावाचा छोटा तक्ता ठेवतो. ग्लिबसीमध्ये (सी भाषेच्या मूळ लायब्ररीत) २०१२ पासून असलेल्या गेटऑक्सव्हॅल फंक्शननं तो वाचायचा, एक बिट तपासायचा, संपलं. एक्स८६ वर, म्हणजे इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरवर, तेही नको, सीपीयूआयडी ही सूचना प्रोग्रॅम स्वतःच देऊ शकतो. रिस्क-फाइव्ह या तिसऱ्या आर्किटेक्चरवाल्यांची अडचण वेगळी होती: एक्स्टेन्शन (वाढीव सूचनांचे संच) इतकी, की एका अक्षराला एक बिट हा हिशोब पुरेना. म्हणून २०२३ साली तिथे हार्डवेअर-प्रोब नावाचा स्वतंत्र सिस्टिम कॉलच (कर्नलला थेट विचारायचा मार्ग) आला.

मग सीपीयूइन्फो आहे कोणासाठी? माझ्या मते माणसासाठी. डोळ्यांनी वाचा आणि बंद करा. एक्स८६ च्या कर्नल दस्तावेजात तर तिथल्या 'फ्लॅग्ज'ची यादी म्हणजे फार पूर्वीचा एक फसलेला प्रयत्न, असं जवळपास याच शब्दांत म्हटलंय.

पण फसला म्हणून काढून टाकता येत नाही. २०१३ मध्ये आर्मच्या सीपीयूइन्फोमधून 'बोगोमिप्स' हा आकडा काढला. नावातच 'बोगस' आहे, वेग मोजायला तो निरुपयोगी, लोकांची दिशाभूल व्हायची, म्हणून. तर तो आकडा वाचणारे प्रोग्रॅम मोडले, आणि २०१५ च्या जानेवारीत ओळ जशीच्या तशी परत आणावी लागली. एकदा बाहेर दाखवलेली गोष्ट कोणीतरी कुठेतरी धरून बसलेलं असतं.

यंत्राची रचना, म्हणजे किती कोअर, कोणाचा कॅश कोणाशी वाटून, हे स्क्रिप्टला हवं असेल तर /सिस/डिव्हायसेस/सिस्टम/सीपीयू गाठा. तिथला नियम एका फाइलमध्ये एकच गोष्ट. 'ऑनलाइन' उघडलं की '०-७' असं काहीतरी मिळतं, कापाकापी जवळजवळ नाही. २०१८ च्या जानेवारीत मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले सुरक्षा-दोष उघडकीला आले, तेव्हा 'व्हल्नरेबिलिटीज' हे फोल्डर इथेच आलं. माझ्या जुन्या लॅपटॉपवर त्यातली मेल्टडाउनची फाइल 'मिटिगेशन: पीटीआय' म्हणते, तर सीपीयूइन्फोमधल्या 'बग्ज'च्या ओळीत मेल्टडाउन अजून आहेच. दोन्ही खरं: चिपमध्ये दोष आहे, कर्नलनं त्यावर उपाय केलाय. नवीन मुलं ती 'बग्ज'ची ओळ पाहून घाबरतात आणि थेट कर्नल बदलायला निघतात.

कंटेनरमध्ये (एकाच मशीनवर प्रोग्रॅमसाठी केलेल्या वेगळ्या कप्प्यात) मात्र या दोन्ही जागा दगा देतात. आमच्या एका बिल्डमध्ये 'प्रोसेसर'च्या ओळी मोजून तेवढे जॉब सोडले जायचे. कंटेनरला वाटा दोन कोअरचा, पण सीपीयूइन्फोमध्ये दिसले यजमान मशीनचे ६४. चौसष्ट कंपायलर एकदम सुटले, मेमरी संपली आणि कर्नलनं एकेकाला मारायला घेतलं. खरा आकडा सीग्रुपच्या (प्रोग्रॅमना वाटा ठरवून देणाऱ्या कर्नलच्या सोयीच्या) 'सीपीयू.मॅक्स'मध्ये होता: २००००० आणि १०००००. एक लाख मायक्रोसेकंदांच्या खिडकीत दोन लाखांची परवानगी, म्हणजे दोन कोअर. वापरता येणारे कोअर मोजणारी एनप्रॉक कमांडही हा कोटा बघतेच असं धरून चालू नका, आपल्या मशीनवर चालवून पाहा.

नवीन असाल तर आधी स्वतःच्या लॅपटॉपवर आणि एखाद्या स्वस्त आर्म बोर्डावर सीपीयूइन्फो शेजारी-शेजारी उघडा. मग कर्नलच्या सोर्समध्ये डॉक्युमेंटेशन/एबीआय फोल्डर बघा, कर्नल बाहेर काय दाखवतो त्याच्या नोंदी तिथे असतात. स्टेबल, टेस्टिंग, ऑब्सोलीट, रिमूव्ह्ड असे त्याचे कप्पे आहेत, आणि /सिसमध्ये फाइल वाढवायची तर तिथे नोंद लिहावी लागते: काय, कधीपासून, संपर्क कोणाचा, कशासाठी. यातला 'कशासाठी' हा रकाना मला माझ्या 'मॉडेल नेम'साठी भरताच आला नाही. तासभर कर्सर लुकलुकत बसला, मग मी ती ब्रँच डिलीट केली. इन्स्टॉलरमध्ये गेटऑक्सव्हॅलच्या चार ओळी टाकल्या. कर्नलमध्ये माझं नाव पुढे लागलं ते त्याच फोल्डरमधल्या एका नोंदीतली चुकीची पाथ सुधारून. तोही पॅच एका ओळीचाच.