शील्डेड रूम नाहीये आणि हाय-टीसी स्क्विड लावायचाय? मग आधी एवढं बघून घ्या

हाय-टीसी स्क्विड म्हणजे द्रव नायट्रोजनच्या थंडीत चालणारा, अगदी बारीक चुंबकीय फील्ड पकडणारा सुपरकंडक्टर सेन्सर; इथे तो हृदयाचं चुंबकीय फील्ड मोजायला लावायचाय, तेही बाहेरचा चुंबकीय गोंगाट अडवणाऱ्या शील्डेड रूमशिवाय. चिपचा मास्क (आराखड्याचा साचा) काढायला बसायच्या आधी एक कागद घ्या आणि त्यावर तीन आकडे लिहा, कारण आमच्या पहिल्या चिपच्या वेळी आम्ही हे केलंच नाही, नुसते सेन्सिटिव्हिटीच्या मागे धावलो. हृदयाचा सिग्नल छातीजवळ पीकला साधारण 50 पिकोटेस्ला. पृथ्वीचं फील्ड आपल्याकडे 40 मायक्रोटेस्लाच्या आसपास, म्हणजे त्याच्या आठ लाख पट. आणि खोलीतली 50 हर्ट्झची गुणगुण, ती खोलीगणिक बदलते, पण 100 नॅनोटेस्ला धरून चाला. आता तुमचा पिक-अप लूप (फील्ड गोळा करणारं कडं) 5 नॅनोटेस्लाला एक फ्लक्स क्वांटम (स्क्विड ज्यात मोजतो ते चुंबकीय फ्लक्सचं एकक) देत असेल तर हृदय येतं एका क्वांटमच्या शंभराव्या भागाएवढं आणि वायरिंगची गुणगुण वीस क्वांटम! चिप एक डिग्री जरी हलली तरी पृथ्वीच्या फील्डमुळे शे-सव्वाशे क्वांटमचा झटका बसू शकतो. त्यामुळे लॉक (सेन्सरला एका जागी धरून ठेवणारा फीडबॅक) टिकतं का हे आधी, नॉइज किती खाली जातो ते नंतर.

लॉकचंच बोलायचं तर नुसत्या 50 हर्ट्झमुळे सेकंदाला सहा हजारांवर क्वांटमचा वेग लागतो, वर लिफ्ट सुरू झाली, कुणी पंप चालू केला की तो धक्का वेगळा, म्हणून इलेक्ट्रॉनिक्सचा स्लू रेट (बदलाच्या मागे धावायचा कमाल वेग) याच्या निदान शंभरपट असलेला घ्या, इथे काटकसर करू नका.

चिपवर वायबीसीओच्या (चिप ज्याची बनते त्या सिरॅमिक सुपरकंडक्टरच्या) पट्ट्या बारीक ठेवा, 5 मायक्रॉनच्या आत. पट्टी रुंद असली की पृथ्वीच्या फील्डमध्ये थंड होताना तिच्यात व्हॉर्टेक्स (फ्लक्सचे छोटे भोवरे) अडकतात, ते इकडेतिकडे उड्या मारतात आणि तुमचा लो फ्रिक्वेन्सी नॉइज वाढतो, आणि हृदयाचा सिग्नल नेमका तिथेच असतो. रुंद वॉशर (स्क्विडभोवतीचं चपटं कडं) हवाच असेल तर त्याला खाचा पाडा. पिक-अप लूप मात्र रुंदच लागतो, त्यात फ्लक्स डॅम (लूपमध्ये मुद्दाम ठेवलेला कमजोर सांधा) टाका म्हणजे फील्ड बदललं तरी लूपमधला करंट हाताबाहेर जात नाही. जंक्शन (स्क्विडच्या कड्यातला कमजोर सांधा) बायक्रिस्टलवर (दोन स्फटिक जोडलेल्या पायावर) करायचं की स्टेप-एजवर (पायात कोरलेल्या पायरीच्या कडेवर) हे पैशावर आणि कुणाच्या हाताला काय जमतं त्यावर ठरवा, बायक्रिस्टल महाग आणि जंक्शन त्या एका रेघेवरच बसतं. जंक्शनच्या करंटमुळे येणारा नॉइज बायस रिव्हर्सल करून (स्क्विडला दिलेल्या करंटची दिशा सतत उलटवून) मारता येतो, व्हॉर्टेक्सचा नाही मरत, तो लेआउटमध्येच टाळायचा.

ग्रेडिओमीटर हवाच, म्हणजे दोन जागची फील्ड वजा करून लांबचा गोंगाट घालवणारी जोडी; त्या दोन जागांमधलं अंतर म्हणजे बेसलाइन. नायोबियम या धातूचे स्क्विड वापरणारे तार गुंडाळून मस्त लांब बेसलाइन काढतात, आपला माल पडला सिरॅमिक, त्याची तशी तार वळत नाही. चिपवरच केला तर बेसलाइन चिपएवढी, म्हणजे हृदय थोडं खोल असलं की लांबच्या गोंगाटाबरोबर तेही वजा होतं. मी तरी 5-10 सेंटीमीटर अंतरावर दोन वेगळे मॅग्नेटोमीटर ठेवून इलेक्ट्रॉनिक्समध्ये वजाबाकी करतो, पण मग दोन्हींना अख्खा गोंगाट झेलावा लागतो हे विसरू नका.

आता सामान. ड्यूअर (द्रव नायट्रोजनचं थर्माससारखं भांडं) फायबरग्लासचा, आत ॲल्युमिनियमसुद्धा नको, त्यात एडी करंट (बदलत्या फील्डमुळे धातूत उठणारे भोवरे-करंट) फिरतात. स्क्रू पितळेचे किंवा नायलॉनचे, आणि 'स्टेनलेसला चुंबक लागत नाही' हे कुणी सांगितलं तर ऐकू नका, आमच्या होल्डरमध्ये एक इवलासा स्टेनलेसचा स्क्रू राहिला होता आणि दोन आठवडे आम्ही सॉफ्टवेअर तपासत बसलो. नायट्रोजन उकळताना बुडबुड्यांनी चिप थरथरते, तेव्हा होल्डर घट्ट. शील्डिंगविना म्हणजे आरएफ (रेडिओ लहरींचं) शील्डिंगसुद्धा नाही असं नव्हे हां, ड्यूअरभोवती ॲल्युमिनाइज्ड मायलारचा पातळ थर आणि केबलला फिल्टर लागतातच, नाहीतर मोबाइल वाजला की क्रिटिकल करंट (जंक्शन विनारोध झेलू शकतं तो कमाल करंट) खाली बसलाच. फ्लक्स अडकलाच तर चिप 93 केल्विनच्या वर नेऊन पुन्हा थंड करायला जवळ एक छोटा हीटर रेझिस्टर ठेवा.

पावसाळ्यात चिपची जास्त काळजी. वायबीसीओचं पाण्याशी अजिबात जमत नाही, थंड चिप बाहेर काढली की लगेच दव धरतं, म्हणून आधी कोरड्या नायट्रोजनच्या हवेत गरम होऊ द्या, मग सिलिका जेलच्या डब्यात. ड्यूअरचं झाकण घट्ट लावायचं नाही, खिडकी उघडी ठेवायची, एका लिटरचा जवळपास सातशे लिटर गॅस होतो.

जागा सगळ्यात शेवटी सांगतोय पण ती आधी बघा. कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा 1904 मध्ये अलिबागला न्यायला लागली ती मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून, आणि तुम्ही तर इन्व्हर्टरच्या शेजारी टेबल मांडलंय. पहिलं रीडिंग रात्री घ्या, किल्ल्या, पट्टा, घड्याळ बाहेर, आणि माणूस झोपवायच्या आधी नुसत्या रिकाम्या पलंगावर अर्धा तास रेकॉर्डिंग करून ते जपून ठेवा.