किडे पाळायची नोकरी: चिलटं, गोचीड आणि जनावरांचे व्हायरस

बीव्हीएससी नाहीतर एमएससी झूलॉजी झालेली पोरं अधूनमधून विचारतात की ताई, तुमच्या त्या इन्सेक्टरीच्या, म्हणजे प्रयोगासाठी किडे पाळायच्या लॅबच्या, कामात यायचं तर काय करायचं, व्हायरॉलॉजीचा कोर्स करू का, पीसीआर शिकू का. शिका की, कोण नको म्हणतंय. पण या कामात व्हायरस प्रत्यक्ष हाताळायचे दिवस कमी असतात हो, बाकी सगळं वर्ष किडे जगवण्यात जातं. त्यांना वेळच्या वेळी रक्त, साखरपाणी, अळ्यांचं खाणं, खोलीतला दमटपणा, आणि हे सगळं रविवार, दिवाळी, ख्रिसमस काही न बघता. ज्यांच्या घरी गोठा आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मी इंग्लंडमध्ये हे काम करते, शिक्षण आपल्याकडचंच, व्हेटर्नरीचं. इकडे या विषयातलं मोठं नाव म्हणजे सरेमधलं पिरब्राइट इन्स्टिट्यूट, आणि या कामाला एवढा जोर आला तो ब्लूटंगमुळे, म्हणजे चिलटांमुळे मेंढ्या-गाईंत पसरणाऱ्या व्हायरसच्या रोगामुळे. २००६ च्या ऑगस्टमध्ये नेदरलँड्स, बेल्जियम, जर्मनीत त्याचा सीरोटाइप ८ (सीरोटाइप म्हणजे व्हायरसचा उपप्रकार) निघाला, तोपर्यंत इतक्या उत्तरेला हा रोग कोणी बघितलाच नव्हता, पुढच्या वर्षी तो इंग्लंडात आला, तोही कोणी जनावर आणलं म्हणून नाही तर वाऱ्यावर समुद्र ओलांडून आलेल्या चिलटांमुळे. २०२३ ला परत तसंच, या वेळी सीरोटाइप ३, आधी नेदरलँड्स आणि नोव्हेंबरात केंट. आपल्याला हे नवीन नाही, नीलजिव्हा म्हणतात तोच हा रोग, मेंढपाळांना विचारा, आणि भारतातली त्याची पहिली नोंद १९६४ ची, आपल्या महाराष्ट्रातलीच.

हा व्हायरस नेणारं चिलट म्हणजे क्युलिकॉइडीस, जेमतेम एक ते तीन मिलिमीटरचं. गोची अशी की युरोपात रोग खरोखर पसरवणाऱ्या ज्या जाती आहेत, उत्तरेकडे ऑब्सोलेटस गट आणि दक्षिणेकडे इमिकोला, त्या लॅबमध्ये धड वाढतच नाहीत, कारण मिलनासाठी त्यांना मोकळ्या हवेत थवा करून उडायला लागतं आणि डब्यात ते जमत नाही. मग पाळायच्या कुठल्या, तर डब्यातही जोडी जमवणाऱ्या, अमेरिकेतली सोनोरेन्सिस आणि इकडची न्युबेक्युलोसस. या कॉलनी, म्हणजे लॅबमध्ये पाळलेल्या वसाहती, कित्येक दशकं पिढ्यानपिढ्या डब्यातच वाढल्यात, काही तर व्हायरस पटकन धरतात म्हणून निवडूनच काढल्यात. म्हणून कुठलाही पेपर वाचताना मटेरियल्स मेथड्स, म्हणजे प्रयोग कसा केला तो भाग, उघडून आधी बघा की किडे कॉलनीतले की शेतातून पकडलेले. कॉलनीतल्या चिलटाने व्हायरस धरला यावरून शेतातलंही तेवढंच धरेल असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, स्पष्टच सांगते. शेतातली पकडायची तर रात्री गोठ्याजवळ यूव्ही लाइटचा ट्रॅप लावायचा, सकाळी जिवंत माल घेऊन पळत यायचं, आणि मग त्यातली बहुतेक आपण दिलेल्या रक्ताला तोंडही लावत नाहीत.

अळ्या ट्रेमध्ये असतात, पाण्यात भिजलेल्या पॉलिएस्टरच्या वॅडिंगवर (कापसासारखा थर), खायला यीस्ट, वाळलं गवत वगैरे आणि त्यावर वाढणारे बॅक्टेरिया. खाणं जास्त झालं की पाण्यावर साय धरते आणि अळ्या मरतात, कमी झालं तर माद्या खुज्या निघतात आणि चावायच्या वेळी कच खातात. पुस्तकात ग्रॅम लिहिलेले असतात पण खरं कळतं ते वासावरून, ट्रेचं झाकण उघडल्यावर डबक्यासारखा वास आला तर ठीक, आंबूस आला तर पाणी बदला. २५-२७ डिग्रीला अंड्यापासून चिलटापर्यंत तीन-चार आठवडे लागतात, म्हणजे पुढच्या महिन्यातल्या प्रयोगाची तयारी आजच्या ट्रेमध्ये चालू असते. प्रोफेसर लोकांना हे पटवणं हे वेगळंच काम आहे.

आता रक्त पाजायचं. धातूची छोटी वाटी असते, त्यात तीनेक मिली फायब्रिन काढलेलं घोड्याचं रक्त, तोंडावर पॅराफिल्म, म्हणजे मेणासारखी ताणली जाणारी फिल्म, ताणून बसवायची, इतकी ताणायची की पलीकडचं दिसलं पाहिजे पण फाटता कामा नये, मग हीटरला लावून ३७ डिग्रीवर आणायचं आणि डब्याच्या जाळीवर उलटं ठेवायचं. प्रयोग असेल तर याच रक्तात व्हायरस मिसळलेला असतो आणि मग सगळं ग्लोव्हबॉक्समध्ये, म्हणजे आत हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत. कॉलनीच्या साध्या डब्यावर हळूच फुंकर मारली की श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने चिलटं खवळतात आणि जाळीकडे धावतात. अर्ध्या तासानं त्यांना कार्बन डायऑक्साइडनेच गुंगी द्यायची, थंड प्लेटवर ओतायचं आणि मायक्रोस्कोपखाली बारीक ब्रशने निवडत बसायचं, पोट टम्म लाल असेल ती ठेवायची, बाकीची बाद. ठेवलेली पुठ्ठ्याच्या डब्यांत २५ डिग्रीला, साखरपाण्यावर, आठ-दहा दिवस.

नंतर एकेकीचं डोकं वेगळं, धड वेगळं, आणि दोन्हीची पीसीआर. कारण पोटात व्हायरस सापडला याला तसा अर्थ नाही, प्यायलीच होती ती. तो आतड्याची भिंत ओलांडून डोक्यापर्यंत पोचला तर लाळेतही उतरला असण्याची शक्यता, आणि तसं झालं तरच पुढच्या मेंढीला धोका. टेम्परेचर साधारण १२-१५ डिग्रीच्या खाली गेलं की व्हायरसची वाढच चिलटात थांबते, म्हणून तर थंडीत इकडचे शेतकरी जरा निवांत असतात. सांगायचं म्हणजे, हजार माद्या घेऊन सुरू केलं तरी प्यायलेल्या, जगलेल्या आणि डोक्यात व्हायरस असलेल्या अशा शेवटी मूठभर उरतात, आणि कॉलनी मुळात अशक्त असेल तर तेवढ्याही नाही.

गोचिडांचं तंत्र एकदम उलटं. चिलटं सारखी हातात काम देतात, गोचीड वाट बघायला लावते. आफ्रिकन स्वाइन फीव्हर या डुकरांच्या रोगासाठी ऑर्निथोडोरॉस पाळतात, मऊ पाठीची गोचीड, आफ्रिकेत वॉर्टहॉग या रानडुकरांच्या बिळांत आणि स्पेन-पोर्तुगालमध्ये जुन्या डुक्करखान्यांच्या भेगांत राहणारी. रक्त न पिता ही वर्षानुवर्षं जगते, आणि पोर्तुगालमध्ये रोग येऊन गेल्यावर पाच वर्षांनीही असल्या गोचिडांत जिवंत व्हायरस मिळालाय. पाजायला मात्र सोपी, मेम्ब्रेनवर अर्ध्या-एक तासात फुगून वाटाण्याएवढी होते आणि पिता पितानाच पायाच्या मुळाशी पाण्यासारखा स्वच्छ थेंब सोडते. तो थेंब इन्फेक्शस धरायचा, उघड्या हाताने पुसायला जाऊ नका. कडक पाठीच्या गोचिडांना जनावरावर दिवसचे दिवस चिकटून राहायला लागतं, त्यामुळे तिथे वासराच्या नाहीतर सशाच्या कानाला कापडी पिशवी बांधणं, आणि त्याआधी एथिक्स कमिटीची परवानगी हे सगळं आलं.

गोचीड ठेवायच्या काचेच्या नळ्यांत, त्या डेसिकेटरमध्ये (घट्ट झाकणाचं काचेचं भांडं), खाली पोटॅशियम क्लोराइडचं संपृक्त द्रावण, त्याने आर्द्रता आपोआप ८५ टक्क्यांच्या आसपास राहते, यंत्र नको की वीज नको. ट्रेभोवती दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, पांढरं टेबल, पांढरा कोट, बाह्यांनाही टेप. डबा उघडताना मोजायच्या, बंद करताना मोजायच्या, एक जरी कमी भरली तर सापडेपर्यंत खोलीतून कोणी बाहेर जात नाही, मग बस चुको नाहीतर जेवण.

लम्पीचं काम बघायला मिळालं तर सोडू नका. २०२२ ला आपल्याकडे काय झालं ते सगळ्यांना माहितीये. पिरब्राइटवाल्यांनी गोठ्यातली चावरी माशी, डास आणि चिलटं लम्पीच्या वासरांवर सोडून बघितलं, तर अंगावर गाठी असलेल्या वासरांकडून किड्यांनी व्हायरस भरपूर उचलला आणि लागण होऊनही गाठी न आलेल्यांकडून अगदीच कमी. गाठी दिसल्या की जनावर लगेच बाजूला काढा, हे आपले डॉक्टर सांगतात ते उगाच नाही. ती माशी पाळणं मात्र वैताग, नर-मादी दोघंही रक्त पितात, रोज लागतं, आणि अळ्यांच्या कोंड्याचा वास केसात बसतो.

यायचंच असेल तर आधी अ‍ॅलर्जी आहे का बघा, किड्यांच्या खवल्यांची धूळ पुष्कळांना नंतर बाधते. व्हायरसच्या बाजूला काम करायचं तर बहुतेक ठिकाणी आंघोळ करून बाहेर पडावं लागतं आणि ठरलेले दिवस गाई-मेंढ्यांजवळ जाता येत नाही, म्हणजे घरी गोठा असलेल्यांनी नीट विचार करा. पीएचडीच पाहिजे असं काही नाही, टेक्निशियन म्हणून आलेले लोक इथे सगळ्यात जास्त जाणतात. परदेशीच जायला पाहिजे असंही नाही, इज्जतनगरच्या आयव्हीआरआयमध्ये (भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था) गोचिडांच्या लाइन्स, म्हणजे पिढ्यानपिढ्या पाळलेली वाणं, सांभाळल्यात, आणि पुण्याच्या एनआयव्हीचं (राष्ट्रीय विषाणू संस्था) माकडताप, काँगो फीव्हर यांवरचं गोचिडांचं काम जुनं आहे. तिथे महिना-दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली तरी खूप झालं, सीव्हीमध्ये सरळ लिहा की मी गोचीड मोजल्यात, ट्रे धुतलेत. इंटरव्ह्यूला गेलात तर तुम्हीही दोन प्रश्न विचारा, कॉलनी शेवटची कधी कोसळली होती आणि सुट्टीच्या दिवशी रक्त कोण पाजतं. दुसऱ्याला उत्तर देताना ते एकमेकांकडे बघायला लागले तर समजा ते तुम्हीच पाजणार आहात.