बालीत निवांत कॉफी प्यायची, तर तयारी घरूनच

मराठवाड्यातून बालीला निघालेल्या माणसाची बॅग कधी अर्धवट नसते. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं, पॉवर बँक, गुडघ्याचं तेल, सगळं बरोबर असतं. कॅफेचं तेवढं ‘तिथं गेल्यावर बघू’ म्हणून राहून जातं. तिथं गेल्यावर मग ड्रायव्हर बघतो, आणि तो त्याच्या सोयीचं बघतो. तुम्हाला भाताच्या खाचराकडेला पाय पसरून बसायचं असतं. नशिबी येतं तासभर ट्रॅफिक आणि झोपाळ्यावर फोटो काढायची रांग. म्हणून लातूर-परभणीतच बसून थोडं ठरवून घ्या. कॅफेची नावं सगळ्यात शेवटी. आधी तारीख, मग मुक्कामाचं गाव, मग सकाळची वेळ. एवढं जमलं की बरी कॉफी वाटेतच सापडते.

तारखेपासून सुरुवात करा. बालीत साधारण नोव्हेंबर ते मार्च पावसाचे दिवस, एप्रिल ते ऑक्टोबर कोरडे. तिथले बरेचसे देखणे कॅफे भिंती नसलेले, नुसतं छप्पर टाकलेले असतात, त्यामुळे पाऊस तिरपा आला की खुर्चीसकट आत सरकावं लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये साऱ्या जगाची गर्दी. आपल्याकडं पारा चाळिशी ओलांडतो तो मे महिना तिथं बरा, शाळांनाही सुटी असते. मात्र तिकीट काढण्याआधी तिथलं पंचांग बघाच. न्येपी म्हणजे बालीचं नवं वर्ष. त्या दिवशी चोवीस तास सगळं बंद: दुकानं, रस्ते, दिवे, अगदी विमानतळसुद्धा. हॉटेलच्या बाहेर पाऊल टाकता येत नाही. हे वर्ष शकाचंच मोजतात, म्हणून तो आपल्या पाडव्याच्या आगेमागे येतो. २०२६ चा न्येपी १९ मार्चचा, म्हणजे ऐन गुढीपाडव्याचा, आणि दोन्हीकडं शक १९४८. पैठणकरांनी याचा अभिमान जरूर बाळगावा, पण त्या दिवशी कॉफी हॉटेलातलीच मिळेल. दुसरा मोठा सण गलुंगान. तो दर २१० दिवसांनी येतो (२०२६ मध्ये १७ जून) आणि त्यानंतर दहा दिवसांनी कुनिंगान. दारोदार उंच, शेंड्याशी वाकलेले सजवलेले बांबू उभे असतात, बघायला फार सुरेख. पण घरगुती छोटी दुकानं त्या दिवसांत बंद असतात, कारण मालक मंडळी गावी देवळात.

कागदपत्रांत फार वेळ घालवत नाही. पासपोर्टला सहा महिने शिल्लक हवेत. व्हिसा तिथं उतरल्यावर किंवा आधी ऑनलाइन, ५ लाख रुपिया, ३० दिवसांचा. शिवाय १४ फेब्रुवारी २०२४ पासून बाहेरच्या पाहुण्यांना दीड लाख रुपियांचं पर्यटक शुल्क आहे, तेही ऑनलाइन भरून ठेवा. लाखांचे आकडे बघून दचकू नका. शेवटची तीन शून्यं काढा आणि उरलेल्याला साडेपाचाच्या आसपास गुणा, की आपले रुपये आले. चाळीस हजारांची कॉफी म्हणजे सव्वादोनशेच्या आतली. मेनूवर नुसतं ‘४०के’ लिहिलेलं असतं आणि पुढं दोन अधिकची चिन्हं असतात. त्या दोन चिन्हांत कर आणि सर्व्हिस चार्ज दडलेला असतो, बिलात पंधरा-वीस टक्के वाढतात. छोट्या दुकानांत रोख लागते. आपलं फोनपे तिथं चालेल असं धरून जाऊ नका.

आता मुक्काम. खरी मेख इथं आहे, म्हणून जरा थांबून वाचा. नकाशावर बाली छोटी दिसते, म्हणून लोक एकाच हॉटेलात राहून रोज गाडीनं कॅफे हिंडायचा बेत करतात. समुद्राकाठच्या चांगूहून आतल्या उबुदला जायला तीसेक किलोमीटर, पण दीड तास सहज मोडतो. एका कपासाठी जाऊन-येऊन तीन तास म्हणजे शिक्षाच. त्यापेक्षा जिथून पायी दहा-पंधरा मिनिटांत कॉफी मिळेल अशा गावात राहा आणि मधे एकदा गाव बदला.

चांगूत मशीनवरची कॉफी उत्तम, पण बांधकामं, स्कूटरी आणि लॅपटॉप उघडून बसलेली पोरं इतकी, की निवांतपणा विसरा. सेमिन्याकचंही तसंच, दुकानं जरा महाग. आई-वडील बरोबर असतील तर सानूर घ्या. समुद्राला लागून लांबच लांब सपाट फरसबंद वाट आहे, किनारा पूर्वेला, त्यामुळे सूर्योदय समोर आणि वाटेवर जागोजाग बसायच्या जागा. उबुद गर्दीचं झालंय हे खरं, पण मुख्य रस्ता सोडला की ते अजून हाती लागतं. राजवाड्याजवळच्या जालान काजेंग या रस्त्यानं उत्तरेकडं चालत गेलं की दहा मिनिटांत घरं संपतात आणि भाताची खाचरं सुरू होतात. पायवाट अरुंद, चारचाकी जातच नाही. माझा ठोकताळा सोपा आहे: जिथं चारचाकी पोचत नाही तिथला कॅफे आधी बघायचा. टूरची बस तिथं येणार नाही, एवढी तरी खात्री. त्या खाचरांचं पाणी वाटून घेणारी ‘सुबाक’ नावाची शेतकऱ्यांची जुनी व्यवस्था आहे, २०१२ मध्ये युनेस्कोनं तिच्यासाठी बालीतले काही भाग जागतिक वारशात घेतले. आपल्याकडं पाण्याच्या पाळीवरून बांधावर काय काय होतं हे माहीत असलेल्या माणसाला त्या पाटांकडं बघत कॉफी प्यायला जास्तच मजा येते.

डोंगर हवा असेल तर उत्तरेकडचं मुंदुक. कॉफी आणि लवंगांचे मळे, संध्याकाळी हवा गार. तिथं कॅफे मोजके, पण होम-स्टेच्या ओसरीतही कॉफी मिळते आणि ती बऱ्याचदा शेजारच्याच मळ्यातली असते.

वेळेचं गणित लोक उलटं करतात. बालीचं घड्याळ आपल्यापुढं अडीच तास. म्हणजे घरी पहाटे साडेपाचला उठणारा माणूस तिथं जागा होतो तेव्हा आठ वाजलेले असतात. पहाटेचा बाजार संपलेला असतो, कॅफेतल्या कडेच्या जागा गेलेल्या असतात. पहिल्या दिवशी गजर लावाच. त्यात आपण आदल्या रात्री देवगिरीनं मुंबई, मग विमान, असे दमून पोचलेले असतो. म्हणून पोचण्याचा दिवस मोकळा ठेवा, हॉटेलच्या गल्लीतली एखादी जागा तेवढी हेरून ठेवा. अंधार बाराही महिने सहा-साडेसहालाच पडतो. खाचराकडेचा कॅफे दिवेलागणीनंतर म्हणजे डासांचं राज्य, आणि डेंग्यू तिथंही आहे. ओडोमॉस बॅगेच्या तळाशी ठेवू नका.

शोधताना नकाशावर नुसतं ‘कॅफे’ टाकलंत तर परदेशी पाहुण्यांसाठी थाटलेलं सगळं वर येतं. ‘वारुंग कोपी’ (warung kopi) किंवा ‘केदाई कोपी’ (kedai kopi) असं इंडोनेशियन स्पेलिंगनं टाकून बघा. वारुंग म्हणजे घरच्या माणसांनी चालवलेलं छोटं खाण्याचं दुकान, दोन बाकं, एक काचेचं कपाट, आत तळलेली केळी. मग फोटो ‘नवे आधी’ असे लावून बघा. दहातले आठ फोटो झोपाळ्याचे, घरट्याचे आणि फुलं टाकलेल्या टबाचे असतील तर तिथं कॉफी हे निमित्त आहे. कपाचे, बरणीचे, भाजणीच्या यंत्राचे फोटो असतील तर जा. एक-दोन तारेवाले अभिप्राय मी आवर्जून वाचते: ‘एसी नाही’, ‘मेनू छोटा आहे’, ‘वायफाय हळू आहे’ अशा तक्रारी असल्या की ती जागा माझ्या यादीत येते. गावागणिक तीन ठिकाणं पुरेत. नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या.

स्कूटरचं एक. आपण एमएच-२४वर ट्रिपल सीट वाढलेले लोक, त्यामुळे भाड्याची स्कूटर घेऊन हिंडायचा मोह होतोच. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या आणि त्यावर दुचाकीची नोंद आहे का ते तिथंच तपासा. परवान्याशिवाय अपघात झाला तर प्रवास विमा हात वर करतो. नाहीतर ग्रॅब किंवा गोजेक या अ‍ॅपवरून गाडी मागवा. उबुदच्या काही भागांत स्थानिक गाडीवाले त्यांना आत येऊ देत नाहीत, तेव्हा दोन पावलं चालायची तयारी ठेवा.

आता काय प्यायचं. आपल्याकडं कॉफी म्हणजे लग्नातली मशीनची फेसाळ, नाहीतर घरी जायफळ घालून केलेली गोड. बालीची रोजची कॉफी दोन्हींहून निराळी आहे, ‘कोपी तुब्रुक’. काचेच्या ग्लासात बारीक पूड आणि साखर, वरून उकळतं पाणी. चाळणी नाही, फिल्टर नाही. पूड आधी वर येते, तांबूस साय धरते. ढवळून चार-पाच मिनिटं तसंच ठेवायचं, मग ती हळूहळू बुडाशी बसते. घाई केली की दातांत येते. पिताना ग्लास तिरपा झाला तरी हलवायचा नाही, आणि खालचं बोटभर सोडून द्यायचं. वारुंगमध्ये ती पाच-दहा हजारांत मिळते, म्हणजे आपल्या पन्नासेक रुपयांत. साखर आधीच घातलेली असते. मधुमेह असेल तर ‘तान्पा गुला’ हे दोन शब्द पाठ करून जा. दूध हवं तर ‘कोपी सुसू’ म्हणा. मुलं हसतील, हसू द्या. पण दूध बहुधा डब्यातलं गोड घट्ट येतं, हे लक्षात असू द्या.

ही रोजची कॉफी बहुतेक रोबस्टा जातीची, कडवट आणि दणकट. इंडोनेशियात कॉफी आली ती डचांकडून: १६९६ मध्ये मलबार किनाऱ्यावरून जावाला रोपं पाठवली, ती पुरात गेली, म्हणून १६९९ मध्ये पुन्हा पाठवली. पुढं एकोणिसाव्या शतकात तांबेऱ्यानं सखल भागातली अरेबिका ही आधीची जात झोडपली आणि रोबस्टा आली. अरेबिका उरली ती उंचावर. बातूर ज्वालामुखीच्या उतारांवरची किंतामणी अरेबिका तशीच; हजार मीटरच्या वर, संत्र्या-मोसंब्यांच्या झाडांत लावलेली, चवीलाही लिंबूवर्गी आंबटसर. इंडोनेशियातलं पहिलं भौगोलिक मानांकन २००८ मध्ये तिलाच मिळालं. ही दूध न घालता प्या. आपल्या जिभेला पहिला घोट ‘काळा चहा नासला’ असा लागण्याची शक्यता आहे; तिसऱ्या घोटापर्यंत थांबा.

किंतामणीलाच जाऊन प्यायची असेल तर सकाळी निघा. कड्यावर ज्वालामुखीकडं तोंड करून कॅफेंची ओळच आहे, पण दुपारनंतर ढग उतरले की समोर पांढरा पडदा आणि हातात महाग कप. रविवार टाळा. स्वेटर घ्या, उन्हाळी सुटीतसुद्धा.

वाटेत ड्रायव्हर ‘कॉफी प्लांटेशन’ला गाडी वळवील. वेरूळला जाताना रिक्षावाला हिमरूच्या दुकानाशी थांबवतो, अगदी तोच प्रकार. लाकडी पाटीवर छोटे छोटे कप मांडून फुकट चाखायला देतात, आल्याचा चहा, गवती चहा, नारळाची कॉफी. मग लुवाक कॉफीचे पैसे आणि शेवटी दुकान. लुवाक म्हणजे उदमांजर. त्यानं खाल्लेल्या फळांच्या बिया विष्ठेतून वेचून ही कॉफी करतात. एके काळी रानातून वेचत, आता मागणीपायी ती जनावरं पिंजऱ्यात डांबून त्यांना कॉफीची फळं चारतात. रानातली कुठली आणि पिंजऱ्यातली कुठली, हे कपाकडं बघून कळत नाही. मी पीत नाही, तुम्हीही पिऊ नका. गाडी ठरवतानाच ‘प्लांटेशन नको’ असं सांगून ठेवा.

बरोबर आजी, आत्या किंवा संकष्टी पाळणारं कुणी असेल तर थोडं जास्तीचं सामान. तिथला चहा बिनदुधाचा, गोड, बहुतेकदा मोगऱ्याच्या वासाचा. आत्याला तो दोन दिवस कौतुकाचा वाटेल, तिसऱ्या दिवशी घर आठवेल. चहाची पूड आणि गाळणी घ्या; खोलीत किटली असते का ते बुकिंग करताना विचारा, दूध कोपऱ्यावरच्या मिनी मार्टमध्ये खोक्यात मिळतं. खाण्यात चटणीवर नजर ठेवा. साम्बालमध्ये ‘तेरासी’ म्हणजे कोळंबीची आंबवलेली पेस्ट असू शकते. ‘तान्पा तेरासी, तान्पा तेलूर’ म्हटलं की कोळंबी आणि अंडं दोन्ही टळतात. तळलेली केळी, तेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि टोफू बिनधास्त. दुकानापुढं फरशीवर पानांच्या छोट्या द्रोणात फुलं आणि उदबत्ती ठेवलेली दिसेल, ती देवाची आहे. फोटोच्या नादात त्यावर पाय पडू देऊ नका, मुलांनाही आधीच बजावून ठेवा.

नावंच हवी असतील तर दोन देते. उबुदमध्ये जालान स्रीवेदारीवरचं सेनिमान. प्लॅस्टिकच्या साध्या खुर्चीला खाली लाकडी वाकण लावून केलेल्या झुलत्या खुर्च्या आणि किंतामणीसकट इंडोनेशियाभरच्या कॉफ्या. नवख्यानं चवीतला फरक समजून घ्यायला याहून बरी जागा नाही. दुसरी डेन्पासारची. पर्यटक या शहराला फक्त विमानतळाचं नाव म्हणून ओळखतात. तिथं जालान गाजा मादावर भिनेका जाया हे १९३५ पासूनचं कॉफीचं दुकान आहे. बसायला मोजकी जागा, झोपाळा नाही, समोर रस्ता. भाजलेल्या कॉफीचा वास आणि पूड न्यायला आलेली गावातली माणसं. शेजारीच बादुंग बाजार. २०१६ च्या आगीत जळाला, नव्यानं बांधून २०१९ मध्ये उघडला. तिथं मसाल्यांत ‘पाला’ विचारा. पाला म्हणजे जायफळ, आणि या झाडाचं मूळ गावच इंडोनेशियातली बांदा बेटं.

घरी न्यायची पूड शेवटच्या दिवशी घ्या, विमानतळावर घेऊ नका, तिथं दर चढे असतात. पिशवी हवाबंद करून चेक-इन बॅगेत टाका. आणि बिया नव्हे, बारीक दळलेली पूडच मागा, ‘बुबुक हालुस’ म्हणून. बिया आणल्या की त्या घरी मिक्सरमध्ये दळायची टूम निघते. कुणी ती काढलीच, तर त्याला आधी चटणीचं भांडं हुंगून बघायला सांगा.