करवत चालवण्याआधी झाडाभोवती एक फेरी

फांद्या छाटायच्या असोत की अख्खं झाड उतरवायचं असो, मी करवत बाजूला ठेवून आधी झाडाभोवती पूर्ण फेरी मारतो. नजर शेंड्यापासून सुरू. विजेच्या तारा जवळून जात असतील तर काम तिथेच थांबतं. पुरवठा बंद झाल्याची खात्री पटल्याशिवाय पुढे नाही. मग तुटून अधांतरी अडकलेल्या फांद्या शोधायच्या. नुसत्या हादऱ्यानेही त्या सुटतात, आणि हेल्मेट असलं तरी जड फांदी जीव घेऊ शकते. मोहोळही बघून घ्या.

सगळ्यात जास्त वेळ बुंध्याला द्या. बुडाशी अळंबी उगवलेली दिसली की आत कूज आहे असंच धरून चाला, वर पालवी कितीही हिरवीगार असो. हातोडीने गोल फिरत ठोकत जा: भरीव लाकूड टणक वाजतं, पोकळ जागी आवाज घुमतो. तशा झाडावर मी कुणालाच चढू देत नाही. एका बाजूची माती उचलली गेलीय, भेगा ताज्या आहेत? मुळं सुटताहेत, लांब व्हा. बेचक्यात साल आत दबलेली असेल तर तो जोड कच्चा.

झाड पाडायचं असेल तर पडण्याच्या दिशेच्या मागे, तिरप्या अंगाने पळायची वाट आधीच साफ करा. वारा सुटला तर काम उद्यावर.