मांडीचे हाड जुळत नसेल, तर पुन्हा शस्त्रक्रिया करण्यापूर्वी

मांडीच्या हाडात रॉड घालून बरेच महिने उलटले, तरी पाय टेकवताच त्याच जागी कळ येते आणि एक्स-रेमध्ये फट तशीच दिसते, अशा वेळी दुसऱ्या शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी हाड का जुळले नाही हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे; कोणती शस्त्रक्रिया करायची, हे त्या उत्तरावरच ठरते. साधारणपणे ९ महिने होऊनही हाड जुळले नसेल आणि शेवटच्या ३ महिन्यांत काहीच प्रगती दिसत नसेल, तर ते आपोआप जुळण्याची आशा सोडावी. रॉड किंवा स्क्रू तुटला असेल, तर तेवढे थांबण्यातही अर्थ नाही.

पहिली शंका जंतुसंसर्गाची घ्यावी. जखम कोरडी असली, ईएसआर आणि सीआरपी (शरीरातील दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) ठीक आले, तरी आत संसर्ग असू शकतो. म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळी फटीतले अनेक नमुने, शक्यतो पाच, तपासणीला पाठवतात. त्याआधी मनाने अँटिबायोटिक घेतल्यास तपासणीत जंतू न सापडण्याची शक्यता वाढते, हे पक्के लक्षात ठेवावे.

संसर्ग नसेल आणि फटीभोवती नवे हाड भरपूर दिसत असेल, तर रक्तपुरवठा चांगला आहे, कमी पडते ती स्थिरता. येथे जुना रॉड काढून, हाडाची पोकळी आतून कोरून, आधीपेक्षा १ ते २ मिलिमीटरने जाड रॉड बसवतात; कोरताना निघालेला हाडाचा चुराही जुळण्यास मदत करतो. फट गुडघ्याजवळच्या रुंद भागात असेल, तर जाड रॉडही तेथे घट्ट बसत नाही, तेव्हा रॉड तसाच ठेवून बाजूने प्लेट लावणे मला अधिक योग्य वाटते. हाडाची टोके निमुळती आणि निर्जीव दिसत असतील, तर ती रक्त दिसेपर्यंत तासून कमरेच्या हाडाचा ग्राफ्ट (तेथून काढलेले हाडाचे तुकडे) भरावा लागतो. संसर्ग सापडल्यास बहुधा दोन टप्पे होतात: आधी रॉड व मृत हाड काढून अँटिबायोटिकयुक्त सिमेंट ठेवतात आणि संसर्ग आटोक्यात आल्यावर, साधारण ६ ते ८ आठवड्यांनी, ते काढून ग्राफ्ट भरतात.

डॉक्टरांकडे जाताना सगळे जुने एक्स-रे न्यावेत आणि पहिल्या रुग्णालयाकडून रॉडच्या स्टिकरची (त्यावर कंपनी व माप लिहिलेले असते) प्रत मागून घ्यावी. रॉड बाहेर ओढण्याचे अवजार त्याच्या वरच्या आट्यांत बसावे लागते आणि प्रत्येक कंपनीचे आटे सारखे नसतात. ही माहिती आधी मिळाली, तर भूल दिल्यावर होणारी शोधाशोध टळते. सिगारेट, तंबाखू आणि मिश्रीसुद्धा पूर्ण बंद करावी, साखर आटोक्यात आणावी, व्हिटॅमिन डी तपासून घ्यावे.

शस्त्रक्रियेनंतर गुडघा लवकर वाकवू लागावे. पायावर भार किती द्यायचा, ते मात्र सर्जनकडूनच ठरवून घ्यावे. पुढे दर ६ आठवड्यांनी समोरून आणि बाजूने असे दोन एक्स-रे काढतात. त्यांत दिसणाऱ्या हाडाच्या चार कडांपैकी किमान तीन सांधल्या गेल्या आणि भार देताना दुखेनासे झाले, म्हणजे हाड जुळले असे मानतात.